कारागृहातली ओपीडी कुणासाठी?

एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात सहायक प्राध्यापक असलेल्या डॉक्टरांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

‘जिल्हा शल्यचिकित्सकांच्या विनंतीवरून मी दर पंधरवड्याला कारागृहाच्या महिला विभागात ओपीडी घेते. सोबत दोन निवासी डॉक्टर असतात. परत येताना त्यांतला एक जण गाडीत म्हणाला, “मॅडम, इथे केसेस फार चांगल्या मिळतात.” मुलगा चांगला आहे, पण ते वाक्य मला टोचलं. एका बंदिनीला मी विचारलं, “हे डॉक्टर तुम्हाला तपासतील, चालेल ना?” ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” तपासणी चालू असताना महिला शिपाई पडद्याच्या आतच उभी असते. दुसऱ्या एका निवासी डॉक्टरने तर यायलाच नकार दिला, कारण एका बंदिनीवरचा आरोप तिने पेपरात वाचला होता. आता विभागप्रमुख म्हणतात, याची रीतसर पोस्टिंग करा, लॉगबुकात घाला, नाहीतर बंद करा. या बायकांना नाही म्हणायची सोय नसते. त्यांच्यावर मुलांना शिकवणं म्हणजे त्यांचा वापर करणंच नाही का? आणि शिकवलं नाही, तर यांच्याकडे बघणारे डॉक्टर तयार तरी कसे होणार? शिवाय बायका घरी फोन करायला, निरोप पोचवायला सांगतात. त्याचं काय करू?’

प्रिय डॉक्टर,

आधी उत्तर सांगते. पोस्टिंग सुरू करा. पण विभागप्रमुख म्हणतात म्हणून घाईने लॉगबुकात घालू नका. पुढे सांगते त्या दोन-तीन गोष्टी आधी जागेवर बसवा. त्या बसल्या नाहीत, तर मुलांना नेणं थांबवा. ओपीडी मात्र कुठल्याही परिस्थितीत थांबवू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: शिकवणं म्हणजे रुग्णाच्या अंगावर हात ठेवून शिकवणं. आपण सगळे तसेच शिकलो, म्हणून ते मनातून जात नाही. पण तुमच्या निवासी डॉक्टरांना कारागृहात असा कोणता आजार दिसणार आहे, जो एरवी दिसत नाही? फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, पाळीच्या तक्रारी, रक्तक्षय, अंगावरून पांढरं जाणं हे सगळं त्यांना रुग्णालयाच्या ओपीडीत रोज दिसतं आणि कितीतरी जास्त दिसतं. पीव्ही तपासणीचा, म्हणजे योनीमार्गातून बोटांनी करायच्या तपासणीचा हात तिथे बसतो, मॉडेलवर बसतो. कारागृहात वेगळी असते ती रुग्णाची परिस्थिती. ही बाई डॉक्टर बदलू शकत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणू शकत नाही. रात्री पोटात दुखलं तर रिक्षा करून येऊ शकत नाही. पॅड संपले तर मागावे लागतात, आणि संध्याकाळी बराक बंद झाली की दार उघडायला कुणाची तरी परवानगी लागते. अशा बाईला औषध लिहून द्यायचं आणि ते तिच्यापर्यंत पोचतंय ना हे बघायचं, हा मुख्य धडा. त्यातला बराचसा भाग तिच्या अंगाला हात न लावता शिकता येतो.

‘चांगल्या केसेस’ म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका, त्याला एक काम द्या. त्यातली एक ‘चांगली’ केस निवडायची आणि मागे जायचं. तिचं हिमोग्लोबिन इतकं खाली येईपर्यंत काय काय झालं? रक्तस्राव जास्त होतो असं तिने पहिल्यांदा कुणाला सांगितलं? तिला बाहेर पाठवायचा कागद कधी निघाला? किती वेळा गार्ड मिळाला नाही म्हणून ती जाऊ शकली नाही? सोनोग्राफीचा रिपोर्ट कुणाकडे राहिला? हे सगळं एका कागदावर लिहून आणलं, की ती केस इतकी ‘चांगली’ कशी झाली ते त्याला आपोआप कळेल. तुम्हाला वेगळं बोलावं लागणार नाही.

थोडं आकड्यांचं भान इथे हवं. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते, त्यांत स्त्रिया २३,७७२. म्हणजे शंभरात जेमतेम चार. भायखळा किंवा येरवड्यासारखी ठिकाणं सोडली, तर महिला विभाग म्हणजे पुरुषांच्या कारागृहातला एक कोपरा असतो. डॉक्टरची वेळ, औषधांची यादी, रुग्णालयात नेणाऱ्या गार्डची संख्या, सगळं उरलेल्या शहाण्णवांच्या हिशेबाने ठरलेलं. त्या चौघींचा हिशेब करणारं कुणीतरी बाहेरून यावं लागतं, म्हणून तुमची ओपीडी मोलाची आहे.

आता संमतीकडे येते, कारण तुमची खरी बोच तिथे आहे आणि ती रास्त आहे. “तुम्ही म्हणाल तसं” हे उत्तर तुम्हाला खटकलं, यातच निम्मं काम झालं. जिथे ‘नाही’ म्हटलं की काहीतरी किंमत मोजावी लागते, तिथे माणूस लवकर शिकतो, की समोरच्याला हवं ते म्हणून टाकावं. म्हणून हो की नाही असा प्रश्नच विचारू नका. “आज मी एकटी तपासू, की या मॅडमना थांबू देऊ? दोन्ही चालतं, औषध तेच मिळेल,” असं विचारा. दोन्ही वाटा सारख्याच सोप्या ठेवल्या, की बाई निवड करू शकते. हे विचारताना ती पूर्ण कपड्यांत, खुर्चीवर बसलेली हवी. विद्यार्थी खोलीबाहेर, शिपाई लांब, आणि विचारणाऱ्या तुम्ही स्वतः. कारागृहाच्या कर्मचाऱ्याने “डॉक्टरांना शिकायचंय, बस गप” असं आधीच सांगून आणलेलं असेल, तर त्या दिवशी शिकवणं रद्द.

तपासणीची संमती आणि विद्यार्थ्याच्या हजेरीची संमती वेगवेगळी घ्या. आधी तिचा आजार, त्याचं सगळं ठरल्यावर विद्यार्थ्याचं. पीव्ही तपासणी उपचारासाठी लागणार असेल तरच होईल, आणि एकाच व्यक्तीकडून होईल. निवासी डॉक्टरने केली आणि वैद्यकीय शंका उरली नाही, तर तुम्ही पुन्हा करायची नाही. “तूही बघून घे” हे वाक्य या खोलीत कधीही उच्चारलं जाऊ नये. पुरुष निवासी डॉक्टरांना न्यावं का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. माझं मत: न्यावं, कारण उद्या लेबर रूममध्ये ड्यूटीवर तेच असणार आहेत. पण कारागृहात त्यांनी हिस्ट्री, रक्तदाब, कागदपत्रं, औषधांचा पाठपुरावा एवढंच करावं. आतल्या बाईला बाहेरच्यासारखं दुसऱ्या ओपीडीत जाऊन बाई डॉक्टर शोधता येत नाही.

आणि नकार मोजा. महिनोन्‌महिने एकीनेही विद्यार्थ्याला नकार दिला नसेल, तर तुमची विचारण्याची पद्धत कुठेतरी चुकते आहे असं समजा. रुग्णालयाच्या ओपीडीतही काही बायका नकार देतातच. इथे कुणीच देत नसेल, तर त्यांना नकार देता येतो हे अजून पटलेलं नाही.

पडद्याच्या आत उभ्या असलेल्या शिपायाचं काय? महिला बंदींविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे नियम २०१० साली संमत झाले, त्यांना बँकॉक नियम म्हणतात. त्यातला अकरावा नियम सांगतो, की तपासणीच्या वेळी फक्त वैद्यकीय कर्मचारीच हजर असावेत. डॉक्टरलाच विशेष गरज वाटली, सुरक्षेसाठी डॉक्टरने मागणी केली किंवा रुग्णानेच कुणाला थांबायला सांगितलं, तरच अपवाद. दहावा नियम स्त्री डॉक्टर मागण्याच्या हक्काबद्दल आहे. हे नियम आपल्याकडे कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण अधीक्षकांपुढे ठेवायला भक्कम आहेत.

मात्र वाद शिपायाशी घालू नका. तिला ड्यूटी लावलेली असते आणि काही वेडंवाकडं झालं तर जाब तिलाच विचारला जातो. तुम्ही “बाहेर जा” म्हटलं आणि ती गेली, तर तिने आपल्या जबाबदारीवर धोका पत्करलेला असतो. अधीक्षकांना भेटा, त्यांना नेमकी कसली भीती वाटते ते विचारा, आणि आदेश लेखी घ्या: शिपाई दाराबाहेर, दार दिसेल पण बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, आत सोबतीला तुमची परिचारिका. कागद हातात आला की शिपायाचाही जीव भांड्यात पडतो. ओपीडी संपल्यावर तिलाही बसवा आणि तिचा रक्तदाब बघा. दिवसभर उभं राहणाऱ्या या बायकांकडेही कुणी बघत नाही.

यायला नकार देणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनीबद्दल दोन गोष्टी. पहिली सरळ आहे. त्या २०२२ च्या आकड्यांत चारांपैकी तिघं न्यायबंदी होते, म्हणजे त्यांच्यावरचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता. पेपरातली बातमी म्हणजे निकाल नव्हे, हे शिकल्यासवरल्या माणसाला सांगावं लागू नये. पण एवढ्यावर ती समजेल असं मला वाटत नाही, आणि तिने समजावं असा हट्टही नको. कारण कधी कधी आरोप खरा असतो. लहान मुलाच्या खुनातली बाई खरोखर समोर बसलेली असते, आणि तपासणाऱ्या डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. ही भावना येऊ नये असं आपण कुणाला सांगू शकत नाही. भावना बोलायला जागा हवी, आणि ती जागा रुग्णाच्या समोर नसावी. परतल्यावर पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसून मनात काय आलं ते बोलायचं, असा नेम ठेवा. त्या मुलीला एकटीला बोलावून विचारा, नेमकं काय झालं? तिच्या घरात, नात्यात असं काही घडलं असेल, तर तिला या फेरीतून मोकळं करा आणि कारण कुणाला सांगू नका. तसं नसेल, तर तिला हे सांगा: रात्री तीनला हीच बाई कळा देत तुझ्या लेबर रूममध्ये येईल, तेव्हा ड्यूटी बदलून मिळणार नाही.

एक साधा नियम सगळ्यांसाठी. गुन्हा विचारायचा नाही. ना बंदिनीला, ना शिपायाला. उपचारासाठी तो लागत नाही. केस प्रेझेंटेशनमध्ये, केस पेपरवर, विभागातल्या चहाच्या गप्पांत तो येता कामा नये.

काय शिकवायचं याची यादी अभ्यासक्रमाच्या कागदावर लांबलचक होईल. मला ज्या गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, त्याच सांगते.

पहिली, आत आल्यानंतरचे पहिले दिवस. अटक झाली की औषधं घरी राहतात: रक्तदाबाची, थायरॉइडची, फिट्सची, क्षयरोगाची, एचआयव्हीची. मुलांना हेच आधी विचारायला शिकवा: “अटकेआधी रोज काय घेत होतीस?” मग शेवटच्या पाळीची तारीख, आणि गरोदर असल्याची शक्यता तिच्या संमतीने तपासणं. एचआयव्हीची चाचणीही २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तिला समजावून, तिच्या संमतीनेच. आणि एक प्रश्न बहुतेक फॉर्मवर नसतो: अंगावर पिणारं बाळ घरी आहे का? दुधाने दगडासारखी झालेली छाती घेऊन बाई पाच दिवस गप्प बसते, ताप आल्यावर कुणाला तरी कळतं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं हे तिला अनेकदा ठाऊकही नसतं. २०२२ अखेर देशात १,७६४ मुलं अशी आईसोबत कारागृहात होती. बाळाला आणायचं की नाही हा निर्णय तिचा, पण तो घेता येतो हे तिला सांगायला डॉक्टर हवा.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तो तुम्हाला आठवत असेल. तशाच गरीब, कष्टकरी घरांतल्या बायका या बराकींतही असतात. तिशीतल्या बाईची पिशवी काढली आहे का, अंडाशय ठेवलेत का, हे विचारल्याशिवाय तिच्या गरम वाफा आणि झोप न येण्याचं कारण कळणार नाही.

दुसरी, अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार. ओपीडीत निम्म्या बायका हीच तक्रार सांगतील आणि निवासी डॉक्टर हात सरावल्याप्रमाणे गोळ्यांचं पाकीट लिहून देतील. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि घरातल्या ताणाशी जास्त दिसतो, असं त्यात आढळलं. कारागृहात तर हे शंभर टक्के लक्षात ठेवायला हवं. “मला झोप नाही, मुलं कुणाकडे आहेत कळत नाही” असं म्हणायला जागा नसते. “पांढरं जातंय, अंगात कस नाही” असं म्हटलं की डॉक्टरकडे नंबर लागतो. संसर्ग असेल तर औषध द्याच, पण त्याआधी खुर्ची थोडी जवळ घेऊन झोप, भूक आणि मुलं यांबद्दल विचारा. विद्यार्थ्यांना हे दोनदा करून दाखवलं की तिसऱ्यांदा ते स्वतः करतात.

तिसरी, गरोदरपण. इथे कायदा बंदिनीच्या बाजूने आहे आणि डॉक्टरांना तो माहीत नसतो, याची मला चीड येते. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगून ठेवलं आहे, की शक्य तितकं बाळंतपण कारागृहाबाहेर व्हावं आणि बाळाच्या जन्मनोंदीत जन्मस्थळ म्हणून कारागृह लिहू नये. २०१६ साली भायखळा कारागृहातल्या एका गरोदर बंदिनीच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क बंदिनीलाही आहे, असं स्पष्ट केलं. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, अधीक्षकांची तर नाहीच. पण आठवडे थांबत नाहीत. अर्ज फिरत राहिला आणि कायद्यातली मुदत (एरवी वीस आठवडे, ठरावीक प्रकारांत चोवीस) उलटली, तर तो हक्क कागदावरच राहिला. म्हणून अशी बाई दिसली की त्याच दिवशी गर्भाचे आठवडे आणि तिची इच्छा लिहून तिला सरकारी रुग्णालयात पाठवायचं.

कळा देणाऱ्या बाईला बेडी हा प्रश्न तर तुमच्याच रुग्णालयात उभा राहतो. कळा, प्रसूती आणि त्यानंतर लगेचच्या काळात बंधन वापरू नये असं बँकॉक नियम आणि सगळ्याच बंदींसाठी असलेले संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम, दोन्ही सांगतात. लेबर रूमच्या दाराबाहेर गार्ड, आत कुणी नाही, बेडी नाही. हे लेबर रूमच्या भिंतीवर लिहून लावा, म्हणजे रात्रीच्या ड्यूटीवरच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला पोलिसाशी एकटीने भांडावं लागणार नाही. आणि बाळंतपणानंतर तांबी बसवायला किंवा नसबंदीला बंदिनीची संमती घाईत घेऊ नका, उद्दिष्टाच्या आकड्यात तिला धरू नका. ज्या बाईला बाहेर कधी जाता येईल ते माहीत नाही, तिला मूल पुन्हा हवं आहे की नको हे त्या दिवशी विचारणं योग्य नाही.

चौथी गोष्ट दिसायला किरकोळ आहे: संदर्भचिठ्ठी कशी लिहायची. ‘उच्च रक्तदाब, पुढील तपासणीसाठी’ असं लिहिलं तर बाई दोन आठवडे जागेवर राहते. ‘गरोदरपणाचा ३४ वा आठवडा, रक्तदाब १६०/११०, झटके येण्याचा धोका, आजच, आत्ता पाठवणे’ असं लिहिलं तर तो कागद अडवणाऱ्याला त्याखाली स्वतःची सही करावी लागते. वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यायचा, इतरांनी तो डावलायचा नाही, हेही मंडेला नियमांत आहे. तारीख, वेळ, कारण, उशीर झाला तर काय होईल, या चार गोष्टी प्रत्येक चिठ्ठीत हव्यात. आहाराचंही तसंच. “जरा जास्त खायला द्या” असं तोंडी सांगून काहीही होत नाही. वेगळा आहार लेखी सल्ल्यावर मिळतो, तेव्हा दूध, अंडं, डाळ किती आणि किती दिवस, ते औषधासारखं लिहा.

जखमांची नोंद हा याच शिस्तीचा भाग. जून २०१७ मध्ये भायखळा कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून कारागृहाच्याच कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. अंगावर वळ दिसले तर जागा, आकार, रंग, आणि ती जे सांगते ते तिच्या शब्दांत लिहायचं. “पडली” असं शिपायाने सांगितलं तर तेही लिहायचं, पण कुणी सांगितलं त्यासकट. आणि एखादी बंदिनी नाटक करते का किंवा शिक्षा सोसू शकेल का, असं मत कुणी मागितलं तर निवासी डॉक्टरांनी ते देऊ नये. तुम्हीही देऊ नका. तुम्ही तिथे उपचार करायला जाता.

तपासणी शिबिराचा मोह होईल, त्याबद्दल सावध करते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ॲसिटिक ॲसिड लावून करायची व्हीआयए तपासणी कारागृहात सहज होऊ शकते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने केलेल्या मोठ्या अभ्यासात साध्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केलेल्या या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण पॉझिटिव्ह आलेल्या बाईची कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी, कुठे, कधी, कुठल्या गार्डसोबत, हे आधी ठरवा, मगच पहिली बाई टेबलावर घ्या. न्यायबंदीला जामीन अचानक मिळतो. आज तपासलेली बाई पुढच्या फेरीला तिथे नसेल. म्हणून प्रत्येकीच्या हातात तिच्या रिपोर्टची प्रत द्या, तीही कारागृहाचा शिक्का नसलेल्या, तुमच्या रुग्णालयाच्या कागदावर. तो कागद तिला गावातल्या आरोग्य केंद्रात मान खाली न घालता दाखवता आला पाहिजे.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. प्रशिक्षण म्हटलं की तुम्ही तुमच्या निवासी डॉक्टरांबद्दलच बोलता. पण रात्री दोन वाजता तिथे कोण असतं? कारागृहाचा वैद्यकीय अधिकारी, बहुतेकदा एकटा आणि बहुतेकदा पुरुष, तोही कदाचित घरून येणारा. त्याआधी बराकीतल्या शेजारणी आणि दाराबाहेरची शिपाई. तुम्ही पंधरवड्यातून एकदा जाता. म्हणून पहिलं प्रशिक्षण त्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं. त्याला प्रत्येक ओपीडीत शेजारी बसवा. तो स्त्रियांना तपासायला कचरत असेल, तर त्यात त्याचा दोष नाही, त्याला हे कुणी शिकवलंच नसेल. मानसिक आरोग्य कायद्याच्या (२०१७) ३१ व्या कलमात कारागृहातल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाला हे दाखवून सोबत घ्या. शिपायांना आणि बंदिनींना धोक्याची चार लक्षणं पाठ करून द्या: गरोदर बाईला रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता हाक मारायची. हे सांगण्याचं काम निवासी डॉक्टरांना द्या. समजेल अशा मराठीत दहा मिनिटं बोलणं त्यांनाही शिकायचंच आहे.

विभागप्रमुखांशी बोलताना तत्त्वापासून सुरुवात करू नका. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा आरोग्य यंत्रणेत तीन महिने काढावे लागतात. कारागृहाची ओपीडी त्यात बसू शकते, वेगळी मंजुरी शोधत बसावं लागणार नाही. लॉगबुकात किती पीव्ही केल्या हा रकाना नको म्हणावं. त्याऐवजी किती संदर्भचिठ्ठ्या शेवटपर्यंत पोचल्या हा रकाना ठेवावा. आणि परीक्षेच्या महिन्यात, सुट्टीत, नवीन बॅच येईपर्यंतच्या रिकाम्या काळात विद्यार्थी नसले तरी ओपीडी होणार, हे लेखी घ्या. उद्या एकही विद्यार्थी आला नाही तरी तुम्ही जाल का, याचं उत्तर हो असेल, तर वापराची भीती बाळगू नका. विद्यार्थ्यांसाठीच ओपीडी चालणार असेल, तर तुमची शंका खरी आहे.

निरोपांचं. फोन करू नका, चिठ्ठी नेऊ नका, कितीही वाईट वाटलं तरी. एकदा ते झालं की कारागृह तुमचं दार बंद करेल आणि त्यात सगळ्याच बायकांचं नुकसान आहे. विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण त्यांचं मन लवकर विरघळतं. पण नुसतं ‘नाही’ म्हणून उठू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि स्वयंसेवक कारागृहात येतात. त्यांचा वार कोणता, ते अधीक्षकांकडून विचारून घ्या आणि बाईला सांगा. गरोदर किंवा गंभीर आजारी बंदिनीच्या जामीन अर्जाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका गरोदर न्यायबंदीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. असं प्रमाणपत्र मागितलं गेलं, तर आठवडे, निदान, लागणारे उपचार आणि त्यातले कारागृहात कोणते मिळू शकत नाहीत, एवढं खरं आणि नेमकं लिहा आणि दोन दिवसांच्या आत द्या. त्याची एक प्रत बाईलाही द्या.